'माता असंबद्ध बोलते का? हो / नाही' : एका रकान्यावरून सुचलेलं

सुरंगी | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

माझी मामी आमच्या गावची आशा, म्हणजे घरोघर जाणारी आरोग्य स्वयंसेविका. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठाला. नाव देत नाही, कारण आमच्याकडे गाव कळलं की घर कळतं आणि घर कळलं की माणूस. मी मानसशास्त्रात एम.ए. करून दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत आले. गावात माझी ओळख 'ती वेड्यांचं शिकलेली' अशी आहे. असो.

गेल्या महिन्यात मामीचा पाय मुरगळला होता, म्हणून तिची पिशवी आणि वजनकाटा घेऊन मी तिच्यासोबत एका बाळंतिणीकडे गेले. चौदाव्या दिवसाची भेट होती. (दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. ही पद्धत मूळची आपल्याच गडचिरोलीतली, अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ची. पुढे देशभर गेली.)

पोरगी २३ वर्षांची. दुसरी खेप, दुसरी मुलगी. नवरा नालासोपाऱ्याला, त्याने बाळ अजून फोनवरच बघितलेलं. आम्ही पडवीत बसलो, सासूबाई झोपाळ्यावर. बाळाला झोळीत घालून वजन केलं, ताप बघितला, नाळ बघितली. मग आईचे रकाने. ताप आहे का? सासू म्हणाली, नाय. अंगावरून जातं त्याला वास येतो का? नाय. दूध येतं का? येतंय की, न यायला काय झालं. मग तो रकाना आला: माता असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का? मामीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि 'नाही'वर टिक केली. टिक बरोबरच होती. पोरगी असंबद्ध बोलत नव्हती, कारण ती काही बोलतच नव्हती.

निघताना मी पाणी मागितलं. ती आत गेली, मी मागोमाग. न्हाणीत चुलीवर बाळाच्या आंघोळीचं पाणी तापत होतं, त्याच्या धुरात उभी राहून, तांब्या हातात तसाच धरून ती म्हणाली, "ताई, हिला पाजताना मला काहीच वाटत नाही. मोठीच्या वेळेस वाटायचं." तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि ती गेली. पाणी राहिलं ते राहिलंच.

आता मुद्दा. आमच्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा आहे. ग्रामपंचायतीचा महिला-बालकल्याणाचा दहा टक्के निधी आहे. गेल्या वर्षी त्यातून शिलाई मशिनं आली, त्याआधी हळदीकुंकू आणि स्टीलचे डबे. सरपंचबाई मला म्हणाल्या, तू मानसशास्त्रवाली, यंदा तुझं व्याख्यान ठेवू, 'ताणतणाव व्यवस्थापन'. मला व्याख्यान द्यायचं नाहीये.

रक्तक्षय असो, नसबंदी असो, मारहाण असो, आपलं धोरण बाईला 'जागृत' करायला निघतं, जणू तिला काही माहीतच नसतं. मानसशास्त्राने सार्वजनिक आरोग्याला दिलेली कामाची गोष्ट मला वेगळीच दिसते. बाई काय सांगेल आणि काय करेल हे तिला किती माहिती आहे यावर कमी आणि प्रश्न कोण विचारतंय, कुठे बसून, कोणाच्या देखत, यावर जास्त ठरतं.

आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांचा बाळंतपणानंतर पाठपुरावा केला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायका नैराश्याच्या निकषात बसत होत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी धड नसणं ही कारणं तर होतीच, शिवाय बाळ मुलगी की मुलगा यावर बाकीच्या ताणांचा परिणाम कमीजास्त होत होता. तुम्ही म्हणाल, हे कुठलीही सुईण सांगेल. सांगेल की. पण सुईणीचं म्हणणं मंत्रालयातल्या फाइलीवर चढत नाही, २३ टक्के चढतात.

त्यांनी वापरलेली प्रश्नावली एडिंबरोची, १९८७ सालची. दहा प्रश्न, पाच मिनिटं. पहिलाच प्रश्न हसण्याबद्दलचा आहे : गेल्या आठवड्यात हसता आलं का, गोष्टींतली गंमत दिसली का. असंबद्ध बोलण्याचा त्यात उल्लेखही नाही.

तर महिला सभेत काय मागावं? सुचवा.

——

चाकरमानी_डोंबिवली | रविवार, रात्री ११.१५

धागा चांगला आहे पण पटला नाही. आमच्या आईने पाच बाळंतपणं काढली आणि महिन्याभरात लावणीला उभी राहिली. तिला कोणी दहा प्रश्न विचारले नाहीत. आता उठसूट डिप्रेशन.

दुसरं, मानसशास्त्राच्या संशोधनाला मी फार भाव देत नाही. २०१५ मध्ये त्यांच्यातल्याच लोकांनी शंभर प्रयोग पुन्हा करून बघितले, निम्मेसुद्धा धड जमले नाहीत. असल्या पायावर सरकारी धोरण उभं करायचं?

आणि स्त्री-पुरुष समानतेचं कोकणाला कशाला शिकवता? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. हरियाणात जाऊन सांगा.

अवांतर: नालासोपाऱ्याच्या नवऱ्याला व्हिलन करू नका. रजा टाकली की पगार कापतात. मी स्वतः दोन्ही मुलांची तोंडं महिन्याने बघितली आहेत.

——

कुळीथपिठी | रविवार, रात्री ११.२०

@चाकरमानी, ११२२ कशामुळे ते तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. हजारातले बाकीचे पुरुष डोंबिवलीत बसून प्रतिसाद लिहितायत. :)

——

सुरंगी | रविवार, रात्री ११.५५

@चाकरमानी, त्याला व्हिलन केलेलं नाही. उलट तो नसणं हाच धोरणाचा प्रश्न आहे. 'पतीचा सहभाग वाढवा' असं प्रत्येक परिपत्रकात असतं आणि आमच्याकडे पती गणपतीला आणि शिमग्याला येतो.

प्रयोगांबद्दल तुमचं मान्य. म्हणून कॉलेजच्या पोरांना वर्गात बसवून केलेले प्रयोग मी सांगतच नाहीये. गावंच्या गावं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली, एका गटात काम केलं, दुसऱ्यात नाही, आणि मग फरक मोजला, अशांबद्दल बोलतेय.

तुमच्या आईला कोणी विचारलं नाही हे खरं. म्हणूनच तिला काय झालं होतं की नव्हतं ते ना तुम्हाला माहीत, ना मला.

——

तिरफळ | सोमवार, सकाळी ७.०५

सुरंगीताय, तुझा म्हणणा खरा आसा. आमच्या वाडयेत माझ्या चुलतभावाच्या बायलेक असाच झाला. बाळाक घेय नाय, रात रात जागी. म्हाताऱ्यो म्हणाक लागल्यो, बाहेरचा लागला. घाड्याक दाखवल्यानी. नारळ झालो, कोंबो झालो, चार म्हयने ह्यातच गेले. मगे तिचो भाव इलो आणि तिका कुडाळाक डाक्टराकडे घेऊन गेलो. आता बरी आसा.

पण एक सांगतंय. घाड्यान पयलो प्रश्न तिका विचारल्यान, 'तुका काय होता ता तू सांग.' डाक्टरान आमका विचारल्यान.

——

निवृत्त_एमओ | सोमवार, दुपारी २.३०

तिरफळ यांचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी म्हणून मीही तेच करत आलो. ओपीडीत समोर दीडशे माणसं, मग नातेवाइकाला विचारणं सोपं पडतं.

सुरंगी यांच्या मुद्द्याला माझ्याकडून एक पुरावा. लोहाच्या लाल गोळ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या होत्या २६ टक्के. आमच्या केंद्रात गोळ्यांचा तुटवडा क्वचितच असायचा. आम्ही पोस्टर लावले, पथनाट्य केलं, 'लोहयुक्त आहार' हा शब्द बोलून बोलून गुळगुळीत केला. बायका मान डोलवायच्या आणि घरी गोळ्यांच्या पट्ट्या तांदळाच्या डब्यामागे. एका घरी तर बाळाला खुळखुळा म्हणून दिलेली पट्टी मी पाहिली आहे.

शेवटी आमच्या एका सिस्टरने कारण काढलं. गोळी सुरू केली की दोन दिवसांत शौचाला काळं होतं. बाई घाबरते, कोणाला सांगायची लाज, त्यात 'गोळीने बाळ काळं होतं' हे शेजारणीने सांगितलेलं असतंच. दोन्ही जुळतं आणि गोळी बंद. सिस्टरने पट्टी हातात देतानाच सांगायला सुरुवात केली, "परवा काळं होईल. झालं की समजायचं गोळी लागू पडली. मला येऊन सांग." भीतीची खूण होती ती गुणाची खूण झाली. आमच्या केंद्रापुरतं सांगतो, पट्ट्या संपायला लागल्या. सिस्टर मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण ज्याला हल्ली 'वर्तनशास्त्र' म्हणतात ते हेच.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लोक फक्त विम्यासाठी ओळखतात. त्यात बाईला दाखल करावं लागलं तर तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही, असं स्पष्ट कलम आहे. दाखल असताना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्याच पाहिजेत, हेही आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (आजारपणात आपल्या बाजूने बोलणारा माणूस) कोण हे ती स्वतः बरी असताना लिहून ठेवू शकते. तो नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. हे कलम मी जितक्या बायकांना सांगितलं तितक्या जणींनी 'खरंच?' असं दोनदा विचारलं.

——

सुरंगीची_मामी | सोमवार, रात्री ९.१०

मी सुरंगीच्या फोनवरून बोलून टाइप करते आहे चुकभूल माफ करा. तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात चांगलं लिहिता. पण दहा प्रश्न म्हणजे अजून एक फॉर्म. माझ्याकडे आता किती रजिस्टर आहेत ते येऊन बघा. एका बाळंतिणीच्या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. सहा वेळा चढण चढायची. आम्हाला कर्मचारी म्हणत नाहीत स्वयंसेविका म्हणतात. बाईच्या मनाचं काम आलं की ते बाईनेच करायचं आणि फुकट करायचं हे कुठल्या समानतेत बसतं ते पण सांगा. माझ्या मनाचा रकाना कोण भरतं.

आणि त्या मुलीला मी पण ओळखलं होतं. पण सासूसमोर विचारलं असतं तर पुढच्या भेटीला दार उघडलं नसतं. टिक केली ती विचार करून केली.

——

कुळीथपिठी | सोमवार, रात्री ९.१२

मामी, _/\_

——

सुरंगी | सोमवार, रात्री १०.३०

मामीने मला न सांगता लिहिलं आणि माझा धागा एका फटक्यात जमिनीवर आणला. शेवटच्या दोन ओळी मलाही आजच कळल्या. मला वाटत होतं मी काहीतरी पाहिलं जे तिला दिसलं नाही.

तरी एक सांगते. पाकिस्तानात रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी असंच काम उभं केलं, २००८ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तिथल्या लेडी हेल्थ वर्कर म्हणजे आपल्या आशाच, मामीइतक्याच शिकलेल्या आणि मामीइतक्याच वैतागलेल्या. त्यांना विचारपद्धती बदलण्याच्या उपचाराची साधी रूपं शिकवली. त्यांच्या नेहमीच्या गृहभेटींच्या कामातच ते बसवलं. सहा महिन्यांनी, जिथे हे काम झालं तिथल्या नैराश्यातल्या आयांपैकी २३ टक्के अजून आजारी होत्या, जिथे नुसत्या साध्या भेटी झाल्या तिथे ५३ टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पुस्तिका काढली. हीच कल्पना गोव्यात 'संगाथ' संस्थेने गावातल्याच बायकांकडून करून पाहिली. फायदा दिसला, पण रावळपिंडीइतका ठसठशीत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

त्यांची युक्ती बघा. 'तुमच्या सुनेला नैराश्य आहे' असं घरात शिरताना कुणी म्हणतच नव्हतं. विषय बाळाचा. बाळ बाळसं धरावं म्हणून आईने काय करावं, आई हसली-बोलली की बाळ कसं वळून बघतं. नातवंडाचं म्हटल्यावर सासू दार उघडते, पुढे सरकून बसते, स्वतः मदत करते.

——

मांडवी_किनारा | सोमवार, रात्री ११.१०

सुरंगी, इथेच माझी अडचण आहे. युक्ती चालली, मान्य. पण म्हणजे बाईचं मन बाळाच्या वजनाच्या पावतीवर तपासलं गेलं. जिला मूल नाही तिचं काय? जिची मुलं मोठी होऊन मुंबईला गेली तिचं? सरकारच्या लेखी बाई म्हणजे गर्भाशय, हे आधीपासून होतंच, आता मानसशास्त्रही त्याच दारातून आत येणार असेल तर मला आनंद नाही.

रत्नागिरीत राहते. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या शहरात, आणि लहानपणापासून आम्ही 'तुला तिथे टाकू' हे चेष्टेत ऐकत आलो. तिथे वर्षानुवर्षं न्यायला न आलेल्या बायकांच्या गोष्टीही ऐकत आलो. त्या बायकांना कोणत्या योजनेत बसवणार?

——

सुरंगी | सोमवार, रात्री ११.४५

मांडवीताई, तुमचं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. मला त्या २३ वर्षांच्या मुलीपर्यंत पोचायचंय आणि मला दार एकच दिसतंय.

——

हर्णै_बंदर | मंगळवार, रात्री १२.५०

बायकांचा धागा आहे, पण लिहितो. माझी नसबंदी झालेली आहे. नऊ वर्षं झाली. बायकोला दोन सिझर झाली होती, तिला परत टेबलावर कशाला चढवायचं म्हणून मी केली. दहा-पंधरा मिनिटांचं काम, टाका नाही. बायको, डॉक्टर आणि आता तुम्ही, एवढ्यांनाच माहीत.

बोटीवर कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस पोट बिघडलंय म्हणून घरी राहिलो. खलाशांना कळलं असतं तर जाळं ओढताना जरा दम लागला की हेच काढलं असतं. नाखवा आहे मी, माझं कोण ऐकणार मग? भीती अशक्तपणाची नव्हती, हसण्याची होती. आरोग्याच्या माणसाने मला माहितीपत्रक दिलं होतं, त्यात अशक्तपणा येत नाही हे होतं. हसले तर काय करायचं ते नव्हतं.

——

निवृत्त_एमओ | मंगळवार, सकाळी १०.००

हर्णैकर, दाद घ्या. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, धोका कमी, आणि तरी ही तफावत. ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम, पुरुषाने त्यात डोकं घालायचं कारण नाही.

याला माणसांच्या स्वभावाइतकंच सरकारही जबाबदार आहे. आणीबाणीत शिक्षक-तलाठ्यांना कोटे देऊन माणसं पकडून आणली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या धसक्यानंतर सगळी यंत्रणा बायकांकडे वळली, कारण बायका ओरडत नाहीत. धाक दाखवून केलेलं काम आकड्यात लगेच दिसतं. त्याची भीती पुढच्या दोन पिढ्यांत मुरते, तिचा आकडा कुठे येत नाही.

अवांतर: ज्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते र. धों. कर्वे जन्माने आपल्या दापोलीजवळच्या मुरूडचे. हर्णैपासून हाकेच्या अंतरावर. शंभर वर्षांनी तिथला नाखवा रात्री पाऊण वाजता टोपणनावाने लिहितो आहे.

——

चाकरमानी_डोंबिवली | मंगळवार, दुपारी १.३०

@हर्णै_बंदर, मानलं भाऊ. बाकी माझं मत राखून आहे.

——

शाळामास्तर_गुहागर | मंगळवार, सायंकाळी ६.१५

आकड्यांचाच विषय निघालाय तर मला पटलेला एक प्रयोग. बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात सरपंचपदाच्या महिला आरक्षणावर झालेला. गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, शब्द तेच, काहींना पुरुषाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं, काहींना बाईच्या. ज्या गावात कधीच आरक्षण पडलं नव्हतं तिथे पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे बाई सरपंच होऊन गेली होती तिथे ही तफावत जवळजवळ पुसली गेली. गंमत म्हणजे 'पुढारी कोण आवडेल' विचारलं तर तिथेही पुरुषच! आवड बदलली नाही, पण बाईला जमत नाही हा समज गेला. आरक्षणाच्या दोन खेपा पाहिलेल्या गावांत मुलींसाठी आईबापांच्या अपेक्षाही वाढल्या, हे २०१२ मध्ये आलं.

आपल्याकडे २०११ पासून पन्नास टक्के आरक्षण आहे. 'सरपंच पती' वगैरे चेष्टा आपण करतोच, आणि बऱ्याचदा ती खरीही असते. पण माझ्या वर्गातल्या मुली 'मोठेपणी सरपंच' असं सहज लिहितात. मी नोकरीला लागलो तेव्हा एकही लिहीत नव्हती. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली आई-बाबा दोघं भाजी निवडतानाचं चित्र आलं, तेव्हा माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, चित्र चुकलंय." यंदाच्या पोरांनी पान उलटलं, कोणी काही बोललं नाही.

——

वांद्र्याची_लेक | मंगळवार, रात्री ११.००

माहेर राजापूर, नोकरी मुंबईत, नर्सिंगमध्ये. मामींनी लिहिलंय ना, सासूसमोर विचारलं तर दार बंद, त्यावर. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' विभाग सुरू केला. कल्पना एवढीच की मार खाल्लेली बाई पोलिसांत जाईल न जाईल, दवाखान्यात येतेच. 'बाथरूममध्ये पडले' म्हणत येते. तेव्हा सोबतच्या माणसाला औषध आणायला पाठवायचं आणि तिला एकटीला, पडदा ओढून, शांतपणे विचारायचं. 'जुळवून घे' म्हणायचं नाही. निर्णय तिचा. नंतर हे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही गेलं.

आम्हाला हे शिकवलं जातं तेव्हा सगळ्यात अवघड जातं ते विचारून झाल्यावर गप्प बसणं. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही येत नाही. आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो आणि ती सुटका झाल्यासारखी त्याचं उत्तर देते. सुरंगी, तुझी ती मुलगी बोलली, कारण तू विचारलंच नव्हतंस, पाणी मागितलं होतंस.

——

सुरंगी | दोन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४.००

धागा वर आणतेय. महिला सभा झाली. एकोणीस बायका, चार जणी शेवटपर्यंत.

व्याख्यान रद्द. अंगणवाडीची मागची खोली धान्याच्या पोत्यांनी भरलेली होती, ती मोकळी करून प्लायवूडचं पार्टिशन, दोन खुर्च्या आणि बीपीचं मशीन, असा ठराव झाला. ग्रामसेवक म्हणाले, ऑडिटला हे कुठल्या शीर्षाखाली दाखवू? 'मन' असं शीर्षच नाही. शेवटी 'आरोग्य साहित्य' म्हणून लिहिलं. मामीने उभं राहून सांगितलं की खोलीत बसायला मी तयार आहे, पण लसीकरणाच्या दिवशीच, वेगळी फेरी मारणार नाही. तसंच ठरलं.

युक्ती मामीचीच. लसीकरणाला सुनेबरोबर सासू येतेच. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरचा तपासणी फॉर्म भरायचाच असतो. मग समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम पार्टिशनच्या आत सासूचा बीपी बघणार आणि बाहेर मामी सुनेपाशी बसणार. सासूला बाहेर घालवायचं नाही, मानाने आत बोलवायचं.

परवा पहिला दिवस झाला. ती मुलगी आली होती. मामीने दहा प्रश्न काढलेच नाहीत. बाळाला मांडीवर घेतलं आणि गप्प बसली (वांद्र्याच्या लेकीचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता). बऱ्याच वेळाने मुलगी बोलली. सगळं इथे लिहीत नाही. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लावून बघितला, मराठीतून बोलतात, पण अंगणवाडीत रेंज नाही, देवळाच्या पायरीवर जावं लागलं आणि पायरीवर काय बोलणार. पुढच्या बुधवारी तालुक्याला मानसोपचाराचे डॉक्टर येतात, तिकडे न्यायचं ठरलंय. सासू म्हणाली, मी पण येते, तिला एकटीला कशी पाठवू. मामी म्हणाली, या की.

पण मला सांगायचं होतं ते आतलं. त्या तपासणी फॉर्मात शेवटी मनाचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. बहुतेक ठिकाणी ते न विचारताच शून्य लिहितात. मॅडम नवीन आहेत, त्यांनी विचारले. प्लायवूडमधून ऐकू येतं सगळं, ती चूक आता कळली. सासूबाई आधी हसल्या, म्हणाल्या, रस कसला, कामं काय रस बघून करतात? मॅडम काही बोलल्या नाहीत. मग सासूबाईंनी विचारलं, "दोन आठवडेच सांगायचं?" मॅडम म्हणाल्या, हो. त्या म्हणाल्या, "माझं तर धाकटी गेली तेव्हापासून हाय. बावीस वर्सं झाली."

बाहेर सून बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला. घरात आणखी एक मुलगी होऊन गेली हे तिला माहीत नव्हतं.

——

सुरंगीची_मामी | शनिवार, रात्री ८.३०

मॅडमनी मला विचारलं गुण किती लिहायचे. त्या रकान्यात रोज वाटतं याला तीन आहेत त्याच्यावर काही नाही. दोन्ही प्रश्नांचे मिळून सहा लिहिले. डॉक्टरकडे बुधवारी दोघींची नावं दिली आहेत. गाडी सकाळी साडेसातला आहे, एमओ साहेब ओळखीचे असतील तर केस पेपरची रांग किती वाजता सुरू होते ते कळवा.